दुसऱ्यांदा पाठ फिरवली तेव्हा

आमच्या दवाखान्याच्या खिडकीला अमेरिकेचा पडदा होता. म्हणजे तिकडून मदत म्हणून आलेल्या पिठाच्या सुती पिशव्या उसवून, धुऊन, चार-चार जोडून शिवलेला. पिशवीवर एकमेकांत गुंतलेले दोन हात छापलेले असत आणि त्यांच्याखाली इंग्रजीत लिहिलेलं असे की ही अमेरिकेच्या जनतेची भेट आहे. कितीही सोडा घालून उकळलं तरी ते हात जायचे नाहीत. निर्वासितांच्या कॅम्पात तेव्हा या कापडाच्या चड्ड्या होत्या, उशांचे अभ्रे होते, पोरांची झबली होती. मी ज्या बराकीत औषधं बनवत उभा असे तिथल्या खिडकीत ते हात दिवसभर लोंबायचे आणि त्यांच्याकडे बघत बघत मी जगाच्या राजकारणावर बोलायचो. त्या बोलण्याचं काय झालं ते आज लिहितो आहे. तीस वर्षं कंपाउंडरकी केली, सांगण्यासारखं बरंच आहे. पण दिवाळी अंकाच्या संपादकांनी "अनुभवाचं काहीतरी द्या" म्हटलं तेव्हा हेच आधी आठवलं, आणि हे बाजूला सारून दुसरं लिहायला बसलो तर पेन चालेना.

कंपाउंडर म्हणजे काय हे आताच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. तेव्हा औषध तयार पाकिटात येत नसे. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देत आणि आम्ही मोठ्या बरण्यांतून मोजून, पाणी घालून, हलवून ते बाटलीत भरत असू. बाटली पेशंटने घरून आणायची. ती कधी खोबरेल तेलाची असे, कधी नको त्या पेयाची, वास घेऊन ओळखावं लागे. मग कागदाची एक लांब पट्टी दुमडून कात्रीने तिला खाचा पाडायच्या आणि ती बाटलीच्या अंगाला चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. माझ्या खाचा इतक्या सारख्या पडत की आमचे डॉक्टर भेरूमल म्हणायचे, "भोईर, तू दर्जी होता तो ज़्यादा कमाता."

डॉक्टर भेरूमल शिकारपूरचे. तिकडे त्यांचं स्वतःचं दोन मजली इस्पितळ होतं असं लोक सांगत, ते स्वतः कधी बोलले नाहीत. फाळणीनंतर आगबोटीने मुंबईला आले आणि तिथून उल्हासनगरच्या कॅम्पात, लष्कराने सोडलेल्या बराकीत. कॅम्पातल्या व्यापाऱ्यांनी एक कमिटी करून धर्मादाय दवाखाना उघडला, त्याचे ते डॉक्टर. मी बदलापूरजवळच्या चामटोलीचा, आगरी शेतकऱ्याचा मुलगा, मॅट्रिकपर्यंत गेलेला. सिंधी येत नव्हतं, हिंदी मोडकी, पण इंग्रजी अक्षर बरं. म्हणून लागलो.

आमच्याकडे खोकल्याचं औषध लाल होतं आणि पोटाचं पांढरं. जेठीबाई नावाची एक म्हातारी यायची. तिला काहीही झालेलं असो, ती बाटली पुढे करून म्हणायची, "साईं, लाल भी डालो, सफेद भी डालो. एक तो लगेगा." मी हसून सांगायचो की आपल्या देशाचं परराष्ट्र धोरण जेठीबाईने ठरवलंय. बाकावरचे लोक हसायचे. दुपारी दवाखाना बंद असे तेव्हा त्या बाकावर मी पेपर मोठ्याने वाचून दाखवत असे, कारण सिंधी मंडळींना देवनागरी वाचण्याची सवय नव्हती. नुसता वाचायचो नाही, समजावून सांगायचो. कोरियात काय चाललंय, अमेरिका पाकिस्तानला शस्त्रं का देते, रशिया आपल्याला पोलादाचा कारखाना का देतो. बदलापूरच्या वाचनालयात बसून मी जे वाचलं होतं ते सगळं इथे खपायचं. कमिटीचे अध्यक्ष परसराम शेठ माझे पक्के श्रोते झाले. कापडाचे व्यापारी, पोट पुढे, डोळे बारीक. ते लोकांना सांगत, "हमारा कंपौंडर दिल्ली में होना मांगता था."

असं कुणी आपल्याबद्दल बोललं की माणसाला ते खरं वाटू लागतं. मलाही वाटलं.

आता कॅम्पाच्या बाजाराचा एक नियम सांगतो, त्यावाचून पुढचं कळणार नाही. हा नियम मला परसराम शेठनीच शिकवला. दुकानदार भाव सांगेल तो ऐकून हसायचं. मग कापड खाली ठेवायचं आणि पाठ फिरवून चालू लागायचं. पाच पावलांत तो हाक मारतो आणि भाव उतरवतो. परत यायचं, कापडाला हात लावायचा, पुन्हा नाक मुरडायचं आणि दुसऱ्यांदा पाठ फिरवायची. "पहला पीठ दाम के लिए, दूसरा पीठ इज़्ज़त के लिए," शेठ म्हणायचे. त्यांचं पीठ म्हणजे आपली पाठ. दुसऱ्या हाकेला जो भाव मिळतो तो खरा. पहिल्याच हाकेला जो पैसे काढतो त्याला बाजार ओळखून असतो. आम्ही अंबरनाथ-बदलापूरची माणसं आधी या प्रकाराला लाजायचो. पण दोन-तीन वर्षांत इतके तयार झालो की सिंधी दुकानदारच भाऊ या अर्थाने 'अदा' म्हणत सांगू लागले, "अदा, तुम तो हमसे भी आगे गया."

माझी धाकटी बहीण भागी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. अंबरनाथला काडेपेट्यांच्या कारखान्यात पेट्या भरायला जायची. हात असा चालायचा की बघत राहावं. अंबरनाथमध्येच टर्नरचं काम करणाऱ्या कुळगावच्या एका मुलाशी तिची सोयरीक ठरली होती. त्या वर्षी गणपतीनंतर तिला संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला. कोरडा खोकला, वजन उतरलेलं. मी कंपाउंडर, मला काय ते लगेच समजलं, पण समजलं असं स्वतःशीही म्हणालो नाही. थुंकी नेऊन डॉक्टरांना तपासायला दिली, कुणा दुसऱ्याच पेशंटच्या नावावर. दोनदा दिली. जंतू दिसले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "इस मरीज़ का छाती का फोटो निकालना पड़ेगा. फोटो के बिना मैं अंधा हूँ."

छातीचा फोटो तेव्हा मुंबईला निघायचा. मोठ्या इस्पितळात आठवडेच्या आठवडे नंबर लागत नसे, आणि लागला की कारखान्यात रजा मागा, कारण सांगा. क्षयाच्या नुसत्या शंकेने सोयरीक मोडते हे मी रोज बघत होतो. त्यामुळे मी गप्प राहिलो. डॉक्टरांनासुद्धा सांगितलं नाही की हा पेशंट माझ्या घरात आहे.

आणि नेमका त्याच सुमारास अमेरिकन साहेब आला.

मुंबईच्या एका मदत संस्थेतर्फे तो कॅम्पात दुधाची पावडर वाटायला यायचा. उंच, वाकून चालणारा, चेहऱ्यावर कायम घाम. माणूस चांगला होता. आमच्या बाकावर बसून गुळाचा चहा प्यायचा. एके दिवशी त्याने डॉक्टरांना विचारलं की तुम्हाला सगळ्यांत जास्त गरज कशाची आहे. डॉक्टर म्हणाले, क्ष-किरणांच्या मशीनची. एकेका बराकीत आठ-आठ कुटुंबं राहतात, एक खोकला की सगळे खोकतात. पंधरा दिवसांत त्याचं पत्र आलं. एक लहान मशीन, वापरलेलं पण चालू, दोन महिन्यांत पोचवता येईल. एक अंधारी खोली द्या, वीज द्या आणि बाहेर आमच्या नावाची पाटी लावा. महिनाभरात होकार कळवा.

ते पत्र मी दोनदा वाचून दाखवलं. मला वाटलं, सुटलो. भागीचा फोटो आपल्याच खोलीत काढू, कुणाला पत्ता लागणार नाही. त्या संध्याकाळी घरी जाऊन तिला म्हणालो, "मुंबईला जायाचं काय काम नाय. आपल्याकडं मशीन येतंय. थोडं थांब."

"कवा येनार?" तिने विचारलं.

"दोन म्हयने."

"बरं," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

डॉक्टरांना त्याच दिवशी होकार पाठवायचा होता. पण पत्र कमिटीपुढे गेलं, आणि परसराम शेठनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "भोईर, तू बता. अमेरिका देता है, तो रशिया क्यों नहीं देगा?"

आता इथे मी 'माहीत नाही' म्हणालो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण इतके दिवस बाकावर बसून जे दिल्लीपण मिळवलं होतं ते बोललं. मी सांगितलं की यात दयेचा संबंध नाही. या दोघांना एकमेकांची भीती आहे, आणि जिथे एक जातो तिथे दुसऱ्याला जावंच लागतं. आपल्यासारख्या लहानांनी कुणाच्या प्रेमात पडायचं नाही, दोघांना आशेवर ठेवायचं. अमेरिकेला नाही म्हणायचं नाही, पण हो सुद्धा म्हणायचं नाही. रशियाच्या कानावर घालायचं.

"वाह!" शेठ म्हणाले. "पहला पीठ."

डॉक्टर भेरूमल एकटे विरोधात होते. ते शांतपणे म्हणाले, "साईं, सिंध में भी हमको बड़े लोगों ने बहुत समझाया था कि अभी रुको, और अच्छा फैसला आएगा. जो देता है, आज देता है. कल का देने वाला कोई दूसरा आदमी होता है." कमिटीतल्या कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मीही दिलं नाही. मला वाटलं, डॉक्टर सज्जन आहेत, त्यांना राजकारण कळत नाही.

अमेरिकेला मी स्वतः पत्र लिहिलं, माझ्या चांगल्या अक्षरात. आपला प्रस्ताव विचाराधीन आहे, दुसऱ्या एका मित्रानेही याबाबत आस्था दाखवली आहे, वगैरे. दुसरा मित्र तोवर कुठे होता? शेठच्या ओळखीने मुंबईच्या रशियन कचेरीतल्या लोकांना आमंत्रण मग पाठवलं.

ते आले तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. एक जाडजूड गृहस्थ, एक डॉक्टरीणबाई आणि त्यांचं बोलणं हिंदीत सांगणारा एक बंगाली दुभाषी. सकाळपासून आम्ही दवाखाना झाडत होतो आणि गाडी दाराशी आल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की खिडकीला अमेरिका लोंबते आहे. काढायला वेळ नव्हता. मी धावत जाऊन पडदा उलटा केला, हातांची बाजू बाहेर. पण खिडकी पश्चिमेची आणि वेळ दुपारची. पाहुणे बसले, सरबत आलं, आणि मागून ऊन पडून ते दोन हात पडद्यावर असे स्वच्छ उमटले की जणू आत्ताच छापलेत. परसराम शेठनी खुर्ची सरकवून मधे बसायचा प्रयत्न केला, पण त्यांची रुंदी पुरेना. जाडजूड गृहस्थ पडद्याकडे पाहत राहिले. डॉक्टरीणबाई उठल्या, जवळ गेल्या, दोन बोटांत कापड चोळून पाहिलं आणि काहीतरी म्हणाल्या. दुभाष्याने सांगितलं, "मैडम बोलती हैं, हमारे यहाँ का कपड़ा इससे मोटा होता है."

आम्ही सगळे मोठ्याने हसलो. ते हसू मला फार दिवस पुरलं.

त्यांनीही मशीन कबूल केलं. मोठं, नवं कोरं, वर एक माणूस येऊन चालवायला शिकवेल. पण एक गोष्ट मला तेव्हा गंमत म्हणून वाटली आणि नंतर खटकत राहिली. त्या पाहुण्यांनी आमचे पेशंट किती, असं एकदाच विचारलं. अमेरिकन साहेब किती वेळा येतो, कुणाशी बोलतो, काय ठेवून जातो, हे चार वेळा विचारलं. पुढच्या आठवड्यात अमेरिकन साहेब आला, त्यानेही चहा पिता पिता सहज विचारलं, त्यांनी मासिकं ठेवली का, सिनेमा दाखवणार आहेत का. दोघंही आमच्या दवाखान्यात बसून एकमेकांकडे बघत होते. आम्ही मधली खिडकी होतो.

अमेरिकन साहेबाने त्या दिवशी प्रस्ताव वाढवला. मशीनबरोबर छातीचे फोटो काढायच्या वर्षभराच्या फिल्मा मोफत. परसराम शेठनी टेबलाखालून माझा गुडघा दाबला. साहेब गेल्यावर त्यांनी पेढे मागवले. बाजाराचा नियम दिल्ली, मॉस्को, वॉशिंग्टन सगळीकडे चालतो हे आता सिद्ध झालं होतं.

"अब 'हाँ' लिखो," डॉक्टर म्हणाले. "आज ही लिखो."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मला भागीची आठवण आली नाही असं म्हणणार नाही. आली. सकाळीच ती म्हणाली होती, "दादा, दोन म्हयनं कवाच झालं नं?" पण डोक्यात हिशोब असा होता की मोठं नवं मशीन आणखी दोन-तीन महिन्यांत येतंय, लहान जुन्याने पुसट फोटो काढण्यापेक्षा तेवढं थांबलेलं बरं. शिवाय खरं सांगायचं तर त्या क्षणी सगळी कमिटी माझ्या तोंडाकडे पाहत होती. चामटोलीच्या माणसाच्या एका शब्दावर जगातली दोन बलाढ्य राष्ट्रं खाली-वर होतायत, याची नशा काय असते ते ज्याला कधी चढली नाही त्याने मला हसू नये.

मी म्हणालो, "अजून एकदा थांबू या."

"दूसरा पीठ," शेठ म्हणाले.

मग आम्ही हाकेची वाट पाहत बसलो. संक्रांत गेली, होळी गेली. अमेरिकन साहेब येईनासा झाला. चौकशी केली तर कळलं, त्याची बदली झाली, दुसऱ्याच कुठल्या तरी देशात. मुंबईचे रशियन लोकही पत्राला उत्तर देईनात. पेपरात त्या दिवसांत दोन्हीकडचे पुढारी एकमेकांना भेटणार, बोलणार, गोठलेलं जरा वितळणार, अशा बातम्या होत्या. मी त्याही बाकावर मोठ्याने वाचल्या. शेठ म्हणाले, "अच्छा है ना? झगड़ा मिटेगा." मीही अच्छा आहे म्हणालो. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, हे आम्हाला शाळेपासून पाठ होतं. दोघांचं जरा जमलं की तिसऱ्याचं काय होतं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

वैशाखात दोन पत्रं आली, आठ दिवसांच्या अंतराने. पहिलं अमेरिकन संस्थेच्या नव्या माणसाचं. आपल्याला दुसऱ्या मित्राकडून उत्तम यंत्र मिळणार असल्याचं समजलं, आनंद वाटला, त्यामुळे आमचं यंत्र अधिक गरजू ठिकाणी पाठवलं आहे. दुसरं रशियन लोकांचं. आपली गरज आधीच भागली असल्याचं कळतं, अभिनंदन. मजकूर जवळपास सारखाच होता. मी दोन्ही पत्रं शेजारी-शेजारी ठेवून वाचली. आम्ही एकाला दुसऱ्याची भीती घातली होती, आणि त्या दोघांनी त्याच दुसऱ्याचं नाव सांगून दार लावून घेतलं होतं.

परसराम शेठनी दोन्ही पत्रं हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाले, "बुलाया क्यों नहीं?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. चाळीस वर्षांच्या धंद्यात पाठ फिरवलेल्या गिऱ्हाइकाला कुणी हाक मारली नाही असं त्यांनी पाहिलं नव्हतं.

मला उत्तर सुचायला पुष्कळ वर्षं लागली. दुकानदार हाक मारतो कारण त्याचं पोट त्या गिऱ्हाइकावर असतं. आपण चालू लागलो की त्याला घरची चूल दिसते. आमच्यावर कुणाची चूल पेटत होती? त्यांच्या भांडणात आम्ही एक सोंगटी होतो, आणि आम्हाला वाटलं होतं की आम्ही गिऱ्हाईक आहोत. भावनेला भुलू नये, प्रत्येक जण आपलं हित बघतो, हे मी बाकावर बसून लोकांना शिकवत होतो. ते खोटं नव्हतं. फक्त त्यांच्या हितात आपण किती आणि किती दिवस बसतो, हे मी मोजलं नाही. डॉक्टरांना ते बरोबर समजलं होतं. ते घरदार सोडून आले होते आणि मी वाचनालयातून आलो होतो.

भागीला त्याच महिन्यात कारखान्यात कामावर असताना रक्ताची उलटी झाली. सगळ्यांसमोर. आता लपवायला काही उरलं नव्हतं. मुंबईला नेली, उलटीमुळे नंबरही लवकर लागला. पंधरा दिवसांत फोटो निघाला. इतकं सोपं होतं.

तो फोटो घेऊन मी दवाखान्यात आलो. डॉक्टर भेरूमलनी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला रुपयाएवढं भोक होतं. कोपऱ्यात नाव लिहिलेलं होतं. भागीरथी भोईर. ते नाव त्यांनी वाचलं, पुन्हा फोटो पाहिला, पुन्हा नाव वाचलं.

"वो थूक का मरीज़... दो बार जो तू लाया था?"

मी मान हलवली.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसून त्यांनी चष्मा काढला. "भोईर, तेरी बहन है, ये बात उस दिन कमिटी में क्यों नहीं बोला? एक आदमी का नाम बोलता तो परसराम भी नहीं रुकता. वो व्यापारी है, पत्थर नहीं है."

राष्ट्रांची नावं मी तोंडाला फेस येईपर्यंत घेतली, आणि घरातलं एक नाव घेतलं नाही. लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि थोडा गर्वही होता. तिन्ही मिळून मी गप्प बसलो. या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं. बाकीच्या आयुष्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही.

भागी आरोग्यधामात सव्वा वर्ष होती. इंजेक्शनं झाली, फुफ्फुस दबून राहावं म्हणून छातीत हवा भरून झाली, शेवटी ऑपरेशन करून उजव्या बाजूच्या काही बरगड्या काढल्या. डॉक्टर भेरूमल दर महिन्याला पदरमोड करून तिला भेटायला जात आणि येताना मला फक्त "ठीक है" म्हणत. आमचे संबंध तुटले नाहीत. पण दुपारच्या बाकावर मी पेपर वाचणं बंद केलं. शेठनी एक-दोनदा विचारलं, मग त्यांनीही सोडून दिलं. पडदा पुढे विरून फाटला, त्याचे फडके झाले. हात मात्र फडक्यावरही दिसत होते.

सोयरीक मोडली हे सांगायला नको. मुलाकडचे रीतीने बोलले, नारळ परत केला, भांडण नाही. भागी जगली. एवढं मोठं दुखणं तिने झेललं, पण उजवा खांदा कायमचा खाली आला आणि जिना चढताना मधे दोनदा थांबावं लागू लागलं. "थांब" हा शब्द तिला मी सांगितला होता, तो असा तिच्या अंगाला चिकटला. ती मला एकदाही बोलली नाही. आय बोलायची. "तुज्या मशीननं खाल्लं पोरीला," म्हणायची, आणि मी पानात मान घालून जेवत राहायचो.

बरी होऊन घरी आल्यानंतरची गोष्ट. गावात कुणाचं लग्न होतं, तिला पोलक्याला कापड हवं होतं. खांदा झाकेल असं शिवून घेणार होती. मी तिला कॅम्पात घेऊन गेलो, परसराम शेठच्याच गल्लीत. तिने निळं कापड निवडलं. दुकानदाराने भाव सांगितला. तो ऐकून मी हसलो, कापड खाली ठेवलं आणि पाठ फिरवली. विचार करून नाही, पायांना सवय होती.

दोन पावलं गेलो असेन. मागून कुणीतरी माझी बाही धरली. भागी होती. तिला दम लागला होता, म्हणून एकेक शब्द सुटा आला.

"दादा, पाठ नको फिरवू. देतोय तं घे."

मी परत फिरलो. दुकानदाराने सांगितला त्याच भावाला कापड घेतलं. मोजताना त्याची कात्री थांबली आणि त्याने दोनदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. आमच्या बाजारात पहिल्या भावाला हो म्हणणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर त्याच्या घरात काहीतरी घडून गेलेलं असतं. त्याने चार बोटं कापड जास्त देऊन पुडकं भागीच्या हातात दिलं.